घरून लॅबचा पीसी चालवायचा तर: आरडीपी, क्रोम रिमोट डेस्कटॉप, एनीडेस्क, रस्टडेस्क आणि पायकेव्हीएम

रिमोट डेस्कटॉपच्या बहुतेक तुलना ऑफिसचं काम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असतात. चित्र किती वेगानं येतं, आवाज येतो का, मोबाइलवर कसं दिसतं, वगैरे. एचपीएलसी, जीसी, एक्सआरडी अशा विश्लेषणाच्या उपकरणांना किंवा साध्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरला जोडलेल्या पीसीसाठी हे निकष फारसे कामाचे नाहीत. तिथं मुद्दा एवढाच असतो की मध्येच नेट गेलं तर चालू रन (नमुन्याची मोजणी) चालूच राहतो का, आणि पुन्हा जोडल्यावर स्क्रीन जशी सोडली तशी सापडते का. इथली पारख त्याच मुद्द्यावर केली आहे. गृहीत धरलेली मांडणी आपल्याकडच्या कॉलेज-विद्यापीठांत नेहमी दिसणारी: विंडोज १० किंवा ११ चा पीसी, एका लॅन कार्डावर उपकरण, दुसऱ्यावर कॅम्पसचं नेटवर्क, आणि रात्रभर चालणारा सीक्वेन्स, म्हणजे एकामागून एक लावलेले रन.

विंडोजचा स्वतःचा रिमोट डेस्कटॉप

आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) फुकट आहे, विंडोजमध्येच आहे आणि हळू नेटवरही सगळ्यांत स्वच्छ चालतो. क्रोमॅटोग्रामची, म्हणजे उपकरणानं काढलेल्या आलेखाची, बारीक रेघ यात फुटत नाही. पण विंडोज होम आवृत्तीवर बाहेरून आत येण्याची सोय नाही. त्यासाठी प्रो, एज्युकेशन किंवा एंटरप्राइझ लागते. उपकरणासोबत आलेल्या पीसीवर बहुधा प्रो असते. विभागानं नंतर बाजारातून आणलेल्या पीसीवर मात्र बरेचदा होम निघते, म्हणून आधी ते तपासा.

सुरू करणं सोपं: सेटिंग्ज, सिस्टिम, रिमोट डेस्कटॉप, चालू. नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची (जोडण्याआधीच पासवर्ड तपासणारी सोय) खूण काढू नका. एवढं करूनही आत येता येत नाही, याची दोन कारणं वारंवार दिसतात. पहिलं म्हणजे लॅबच्या खात्याला पासवर्डच नसतो. रिकामा पासवर्ड असलेल्या खात्याला विंडोज फक्त त्या पीसीसमोर बसूनच आत घेते, नेटवर्कवरून नाही. दुसरं म्हणजे पिन. पीसीसमोर बसून पिननं लॉगिन करायची सवय असते आणि आरडीपीला हवा असतो खात्याचा पासवर्ड. लोकल खातं असेल तर नावाआधी पीसीचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो. खातं ॲडमिनिस्ट्रेटर नसेल तर ते रिमोट डेस्कटॉप यूजर्स या गटात घालायला विसरू नका. मॅकवरून जोडणाऱ्यांनी जुनं मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप शोधत बसू नये. २०२४ पासून त्याचं नाव विंडोज ॲप आहे.

खरी अडचण पुढे आहे. विंडोजच्या या आवृत्त्यांत एका वेळी एकच माणूस स्क्रीन वापरू शकतो. तुम्ही घरून आत आलात की लॅबमधली स्क्रीन लॉक होते, आणि समोर उभ्या माणसाला पंप थांबवायचा असेल तर आधी पासवर्ड हवा. तुम्ही वेगळ्या खात्यानं आलात तर आधीचं सेशन बाजूला ढकललं जातं. त्यातलं सॉफ्टवेअर मागे चालूच असतं आणि उपकरणही त्याच्याच ताब्यात असतं. तुम्ही नव्या सेशनमध्ये तेच सॉफ्टवेअर उघडता आणि ते सांगतं की उपकरण सापडत नाही किंवा पोर्ट व्यस्त आहे. मग कोणीतरी केबल हलवून बघतो! केबलचा काही दोष नसतो. ज्या खात्यात रन लावला त्याच खात्यानं आत या.

खिडकी बंद केली की सेशन नुसतं तुटतं, आतलं काम चालू राहतं. साइन आउट केलं तर मात्र सॉफ्टवेअर बंद आणि रनही गेला. पीसी संस्थेच्या डोमेनमध्ये असेल तर तुटलेलं सेशन ठराविक वेळानं संपवण्याचा नियम आयटी विभागानं लावलेला असू शकतो. रात्री दोनला रन आपोआप थांबला असं दिसलं तर आधी हा नियम बघा, डिटेक्टर नंतर.

आणखी दोन ठिकाणी आरडीपी दगा देतो. काही सॉफ्टवेअरचा परवाना डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) किंवा त्या एकाच पीसीला बांधलेला असतो आणि रिमोट सेशनमध्ये ते उघडायलाच नकार देतं. फ्लेक्सनेट पद्धतीच्या परवान्यांत तर रिमोटची परवानगी परवान्याच्या फाइलमध्येच लिहिलेली असावी लागते. अशा वेळी लॅबमध्ये आधीच उघडून ठेवलेलं सॉफ्टवेअर रिमोटनं बघता येतं, पण बंद झालं तर पुन्हा उघडत नाही. दुसरं, त्रिमितीय चित्र काढणारी आणि मॅक्रोनं बटणं दाबणारी सॉफ्टवेअर. सेशन तुटलं की विंडोज स्क्रीन रंगवणंच थांबवते, त्यामुळे बटण शोधणारा मॅक्रो जागच्या जागी अडकतो. नुसती खिडकी मिनिमाइझ केली तरी हेच होतं. ती लहान करून कोपऱ्यात ठेवा.

यावर जुना उपाय टीएसकॉन या आज्ञेचा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, क्वेरी सेशन लिहून आपल्या सेशनचा आकडा बघायचा, मग टीएसकॉन, तो आकडा आणि शेवटी डेस्ट म्हणून कन्सोल द्यायचं. तुमचं सेशन तुटतं आणि लॅबच्या स्क्रीनवर जसंच्या तसं जाऊन बसतं. पण तिथं ते लॉक नसलेलं असतं, म्हणजे लॅबच्या दाराला कुलूप हवं.

एकूण मत: मिळालेला डेटा प्रोसेस करायला, पीक इंटिग्रेट करायला, रिपोर्ट काढायला आरडीपीला तोड नाही. चालू रनवर नजर ठेवायला तो पहिली निवड नव्हे.

एक गोष्ट कधीच करू नका: राउटरवर ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडणं. मे २०१९ मध्ये जाहीर झालेली ब्लूकीप ही त्रुटी नेमकी याच सेवेत होती, आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टनं पाठिंबा कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. पोर्टचा आकडा बदलून ३३९० केल्यानं काही वाचत नाही. शोधणारे प्रोग्रॅम सगळे आकडे चाळतात.

क्रोम रिमोट डेस्कटॉप

बसवायला दहा मिनिटं, फुकट, किमान सहा आकडी पिन, आणि पोर्ट उघडण्याची भानगड नाही. शिवाय हे लॅबची आहे तीच स्क्रीन दाखवतं. दोन्हीकडे एकच चित्र असतं, नेट गेलं तरी लॅबमधल्या स्क्रीनला त्याचा पत्ताही नसतो. चालू रनसाठी हेच हवं असतं.

घोडं पेंड खातं ते मालकीपाशी. पीसी ज्याच्या गुगल खात्यावर नोंदवला तोच आत येऊ शकतो. बहुतेक लॅबमध्ये ते खातं एखाद्या पीएचडी विद्यार्थ्याचं असतं. तो प्रबंध देऊन निघून गेला की एकतर प्रवेश त्याच्याबरोबर जातो, किंवा तो परगावी नोकरीला लागल्यावरही त्याच्याकडेच राहतो. दोन्ही वाईट. लॅबच्या नावानं संस्थेचं खातं मागून घ्या आणि त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी ठेवा. संस्थेच्या ॲडमिननं ही सेवाच बंद ठेवली असेल तर खासगी खात्याची पळवाट काढू नका. उद्या काही झालं तर नाव तुमचं येईल.

यातला ‘रिमोट सपोर्ट’ हा प्रकार वेगळा. त्यात समोरच्यानं १२ आकडी कोड द्यायचा, तो ५ मिनिटांत बाद होतो, आणि दर अर्ध्या तासानं समोरच्याला ‘चालू ठेवू का’ असं विचारलं जातं. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरला एखादी सेटिंग दाखवायला उत्तम, रात्रीच्या कामाला निरुपयोगी.

एनीडेस्क आणि टीमव्ह्यूअर

दोन्ही चांगली चालतात, आणि दोन्हींची फुकट आवृत्ती फक्त वैयक्तिक वापरासाठी आहे. कॉलेजची लॅब वैयक्तिक वापरात बसत नाही. टीमव्ह्यूअरला व्यावसायिक वापराचा संशय आला की तो सेशन तोडतो, आणि हा संशय येण्याची वेळ त्याच्या मर्जीची. सीक्वेन्सच्या मध्यावर असलं काही नको. एनीडेस्कबद्दल आणखी दोन गोष्टी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीनं स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं आणि आपली प्रमाणपत्रं बदलली, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती एखाद्या पीसीवर पडून असेल तर ती काढून टाका. शिवाय या नावाची फसवणुकीच्या प्रकरणांत एवढी चर्चा झाली की बऱ्याच कॅम्पस फायरवॉल ते सरसकट अडवतात. पैसे भरून रीतसर परवाना घेतला असेल तर तक्रार नाही. फुकटात वापरायचं असेल तर पुढचा पर्याय सरस आहे.

रस्टडेस्क, टेलस्केलवरून

चालू रन बघण्यासाठी आमची शिफारस ही. रस्टडेस्कचा स्रोत खुला आहे, तो लॅबची आहे तीच स्क्रीन दाखवतो आणि कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरशिवाय थेट जोडता येतो. टेलस्केल हे वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर बांधलेलं खासगी जाळं, म्हणजे इंटरनेटमधूनच जाणारा कुलूपबंद रस्ता. दोन्ही टोकांना बसवलं की तुमचा लॅपटॉप आणि लॅबचा पीसी एकाच खोलीत असल्यासारखे एकमेकांना दिसतात, मग मध्ये कॅम्पसचा राउटर असो की घरच्या मोबाइल नेटचा सामायिक पत्ता. संस्थेचा स्वतःचा व्हीपीएन असेल तर आधी तोच वापरा. नसेल तर आयटी विभागाकडून लेखी परवानगी घेऊन हे बसवा. फुकट योजनेत वापरकर्ते मोजकेच बसतात, आणि तिच्या अटी संस्थेला लागू होतात का तेही वाचून घ्या.

लॅबच्या पीसीवर टेलस्केल बसवून लॉगिन केलं की त्याला १०० नं सुरू होणारा पत्ता मिळतो. तिथंच प्राधान्यांमध्ये ‘रन अनअटेंडेड’ चालू करा. नाहीतर पीसी रात्री रीस्टार्ट झाला की कोणी लॉगिन करेपर्यंत जाळं वर येत नाही. मग वेबवरच्या ॲडमिन पानावर जाऊन त्या पीसीची ‘की एक्स्पायरी’ बंद करा. ती मूळ सेटिंगनुसार १८० दिवसांची असते आणि ती संपली की पीसी गुपचूप जाळ्याबाहेर जातो. सहा महिने सुरळीत चाललं आणि अचानक बंद पडलं, अशा तक्रारीत पहिला संशय हाच.

आता रस्टडेस्क. नुसती फाइल उघडून चालवू नका, इन्स्टॉल करा. न बसवता चालवलेल्या रस्टडेस्कला लॉगिनची स्क्रीन दिसत नाही, आणि विंडोजनं ‘बदल करू देऊ का’ असं विचारलं की तिथंच हात बांधले जातात. सुरक्षा विभागात कायमचा पासवर्ड ठरवा, फक्त कायमचाच चालेल असं निवडा, थेट आयपी प्रवेश चालू करा (पोर्ट २१११८), आणि आयपी व्हाइटलिस्टमध्ये तुमच्या लॅपटॉपचा टेलस्केल पत्ता घाला. दोन टप्प्यांची पडताळणीही तिथेच आहे. घरून जोडताना आयडीच्या चौकटीत लॅबच्या पीसीचा १०० वाला पत्ता टाकायचा, बस. विंडोजच्या फायरवॉलमध्ये रस्टडेस्क आणि आरडीपी, दोन्हींच्या नियमांत बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४.०.०/१० (टेलस्केलच्या पत्त्यांचा पट्टा) एवढाच ठेवला की कॅम्पसमधल्या इतर पीसींनाही दार बंद.

रस्टडेस्कमध्ये समोरच्याचा माउस-कीबोर्ड अडवण्याची आणि लॅबची स्क्रीन काळी करण्याची सोय आहे. उपकरणाच्या पीसीवर ती वापरू नका. गळती दिसली तर लॅबमधल्या माणसाला ‘स्टॉप’ दाबता आलाच पाहिजे. त्याऐवजी कीबोर्डवर कागद चिकटवा: ‘दुरून काम सुरू आहे. पीसी बंद करू नका. अडचण आली तर फोन करा’, आणि खाली नंबर.

मॉनिटर बंद असेल किंवा काढलेला असेल तर स्क्रीनचं रिझोल्यूशन कोसळतं आणि सॉफ्टवेअरची अर्धी बटणं दिसेनाशी होतात. एचडीएमआयचा डमी प्लग लावला की पीसीला मॉनिटर आहे असंच वाटतं. काही शे रुपयांची वस्तू आहे.

कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी

दोष बहुतेकदा रिमोट डेस्कटॉपच्या माथी मारला जातो आणि असतो भलतीकडेच.

दोन लॅन कार्डांचं आधी बघा. उपकरणाच्या कार्डावर आयपी पत्ता आणि मास्क एवढंच भरायचं, डीफॉल्ट गेटवेची जागा रिकामी ठेवायची. दोन्हींवर गेटवे असला की विंडोज कधी इंटरनेटची वाहतूक उपकरणाकडे ढकलते, आणि मग कधी नेट आहे, कधी नाही. दोन्ही कार्डं एकाच पट्ट्यात, उदाहरणार्थ १९२.१६८.१ मध्ये, असतील तर आणखी गोंधळ. उपकरणाचा पत्ता कारखान्यातून ठरून आलेला असतो, तेव्हा आयटी विभागाला कॅम्पसच्या बाजूचा पट्टा बदलून मागणं सोपं.

कॅम्पसच्या नेटला ब्राउझरमधून लॉगिन करावं लागत असेल तर ते काही तासांनी संपतं. तुम्ही घरी पोचेपर्यंत पीसी नेटबाहेर. त्या कार्डाचा मॅक पत्ता (लॅन कार्डाचा ओळख क्रमांक) देऊन कायमची सूट मागून घ्या. याशिवाय बाकी सगळी मेहनत फुकट.

पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीच नाही’ करा, हायबरनेट बंद करा, आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड न चुकता बंद करा. सिरियल केबलसाठी यूएसबी कन्व्हर्टर लावलेला असेल तर हीच सेटिंग त्याला झोपवते, आणि सॉफ्टवेअर म्हणतं उपकरणाशी संपर्क तुटला. लॅन कार्डाच्या गुणधर्मांत ‘वीज वाचवण्यासाठी हे बंद करू दे’ अशी खूण असते, तीही काढा. वीज जाऊन परत आली तर पीसी आपोआप सुरू होईल का, याचं उत्तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) आहे: एसी रिकव्हरी, आफ्टर पॉवर लॉस, अशी नावं कंपनीगणिक बदलतात, पर्याय ‘पॉवर ऑन’ ठेवायचा. पीसी यूपीएसवर आणि उपकरण थेट लाइनवर, अशी जोडणी असेल तर ती आधी सुधारा. विंडोज अपडेटचे ‘ॲक्टिव्ह अवर्स’ जास्तीत जास्त १८ तासांचे करता येतात. उरलेले ६ तास नेमके रात्री येतात. लांब सीक्वेन्स लावण्याआधी अपडेट काही दिवस पुढे ढकला आणि रन संपल्यावर हातानं घ्या.

डेटा ज्या फोल्डरमध्ये लिहिला जातो तो फोल्डर वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हला जोडू नका. सिंक करणारा प्रोग्रॅम फाइल धरून ठेवतो आणि सॉफ्टवेअरला ती लिहिता येत नाही. रन संपल्यावर वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत काढा, सिंक त्याची करा.

हे सगळं बसवल्यावर नमुना न घालता एक ब्लँक रन लावा. मध्येच कॅम्पसची केबल दहा मिनिटं काढून ठेवा. रन चालू राहिला? मग घरून पीसी रीस्टार्ट करून बघा आपण पुन्हा आत येतो का. रन संपवून एकदा पीसीची वीजही घालवा. या तिन्हींत पास होईपर्यंत खरा नमुना त्यावर सोडू नये.

आणि स्क्रीन सगळं सांगत नाही. बाटलीत ॲसिटोनायट्राइल किती उरलं, वेस्टचा कॅन भरला का, फिटिंगखाली थेंब आहे का, हे कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही. एक साधा वेबकॅम असा लावा की बाटल्यांची पातळी आणि वेस्टचा कॅन एका चौकटीत दिसेल. पंपाची कमाल दाबमर्यादा आणि सीक्वेन्सच्या शेवटी फ्लो कमी करून डिटेक्टरचा दिवा बंद करणारी मेथड उपकरणातच भरून ठेवा, म्हणजे नेट असो-नसो, ते स्वतःला सांभाळेल. दिवा पेटवणं, गॅस सिलिंडर उघडणं, नवी लाइन प्राइम करणं (तिच्यात द्रव भरून हवा काढणं) ही कामं घरून करायची नसतात.

एक्सपी आणि विंडोज ७ ची मशीन्स

उपकरण ठणठणीत आणि पीसी पंधरा वर्षं जुना, ही परिस्थिती कुठल्याही विद्यापीठात सापडेल. विंडोज ७ चा पाठिंबा जानेवारी २०२० मध्ये संपला. क्रोम आणि टेलस्केलच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. टाइटव्हीएनसी चालतो, पण त्याचा पासवर्ड आठ अक्षरांपलीकडे मोजलाच जात नाही आणि चित्र उघड्यावरून जातं. असा पीसी नेटला जोडूच नका.

इथं पायकेव्हीएम उपयोगी पडतो. रास्पबेरी पायवर आधारलेली ही छोटी पेटी पीसीच्या मॉनिटरचं चित्र पकडते आणि यूएसबीवरून कीबोर्ड-माउस असल्याचं सोंग घेते. नेटला ती पेटी जोडायची, पीसी नाही. पीसीवर काहीही बसवावं लागत नाही, बायोससुद्धा घरून दिसतो, आणि टेलस्केल त्या पेटीवरच चालतं. जुन्या पीसीला व्हीजीए असेल तर मध्ये व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर लागेल. तो वेगळी वीज घेणारा घ्या. पेटी आली की वेबचा ॲडमिन आणि आतला रूट, दोन्ही पासवर्ड पहिल्या मिनिटाला बदला, ते जगजाहीर आहेत. तिचं मेमरी कार्ड लिहिण्यासाठी बंद असतं, त्यामुळे बदलाआधी ‘आरडब्ल्यू’ ही आज्ञा द्यावी लागते. सुरुवातीला हे त्रासाचं वाटतं, पण यामुळेच वीज गेली तरी कार्ड खराब होत नाही. तक्रार दोनच: किंमत, आणि फाइल आणण्याची सोपी सोय नाही. डेटा पेनड्राइव्हनं नेणंच सोपं.

औषध कंपन्यांच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबचं गणित निराळं. २१ सीएफआर पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदींबद्दलचा अमेरिकी नियम) लागू असेल तिथं कोणी, केव्हा, काय बदललं हे माणसागणिक नोंदलं गेलं पाहिजे, आणि सगळ्यांनी मिळून वापरायचा एक रिमोट पासवर्ड त्यात बसतच नाही. क्यूए (गुणवत्ता हमी) विभागानं लेखी पद्धत मंजूर करेपर्यंत रस्टडेस्कच्या परवानग्यांमधून कीबोर्ड-माउस, क्लिपबोर्ड आणि फाइल ट्रान्सफर या तिन्ही खुणा काढून फक्त बघण्यापुरता प्रवेश ठेवा.